दवाखान्याचा टँकर

तळ्याकाठच्या बायकांनी पंपघर ताब्यात घेतलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डायलिसिसची चार तासांची पाळी अडीच तासांवर आली होती.

निर्णय डॉक्टरांचा, पण रोग्यांना तोंड द्यायचं ते मशीनताईला. हे नाव तिला रोग्यांनीच ठेवलेलं. चौदा वर्षं ती त्या वॉर्डात यंत्रं चालवत होती. कुठल्या यंत्राचा पंप कुरकुरतो, कुणाच्या हाताची शीर कुठे वळते, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि बाहेरच्या कुणाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. ती म्हणजे ही यंत्रं विजेइतकीच पाण्यावर चालतात. एका माणसाचं रक्त एकदा धुवायचं तर सव्वाशे लिटर चोख पाणी लागतं, आणि तेवढं गाळून काढायला त्याच्या दुप्पट कच्चं. वॉर्डात यंत्रं पाच, रोगी बावीस. पाणी नसलं की हिशेब माणसांवर येतो.

"मशीनताई, माप कमी घेतलंत हो," शिंपी म्हणाला. तो सहा वर्षांचा जुना रोगी, जीभ कात्रीसारखी. "अडीच तासांत माझ्याच्यानं सदऱ्याची एक बाही होत नाही. तुम्ही आख्खं रक्त कसं धुणार?"

"आज फक्त कॉलर आणि बाह्या धुते," ती म्हणाली. तो हसला. पण त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

भूगोल शिकवणाऱ्या बाई मात्र त्या आठवड्यात हसल्या नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सोमवारी त्यांची अडीच तासांची पाळी झाली, गुरुवारी पाणीच आलं नाही म्हणून त्यांना परत पाठवलं, आणि शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं. रक्तात क्षार साठले आणि हृदय थांबलं, एवढंच डॉक्टरांनी लिहिलं. मशीनताईनं त्यांच्या खुर्चीवरची चादर बदलली आणि गाळणयंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आली ती थेट पर्स उचलून. "मी वर जाऊन येते," तिनं डॉक्टरांना सांगितलं.

वर म्हणजे तळ्यावर. आणि तिथे पंपघराच्या दारात बसली होती तिची सख्खी नणंद.

आक्का. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन तळ्याकाठच्या गावात गेली, तरुणपणी विधवा झाली, पण माहेरी परतली नाही. धाकट्या भावाला आईच्या मागे तिनंच वाढवलेलं. शहरानं तळ्यावर पंप बसवला तेव्हा गावाला एक वचन दिलं होतं. तळ्याच्या भिंतीवर लाल खूण केली होती. पाणी त्या खुणेखाली गेलं की पंप बंद. दोन वर्षं पाऊस ओढ देत होता. पहिल्या वर्षी पाणी खुणेला टेकलं, दुसऱ्या वर्षी खूण कोरड्या भिंतीवर पुरुषभर उंच दिसायला लागली, तरी पंप चालूच. गावच्या विहिरी एकामागून एक आटल्या. अर्ज झाले, बैठका झाल्या, बैठकांच्या तारखा पुढे गेल्या. मग एका सकाळी साठ बायका पंपघरात शिरल्या, त्यांनी मोठा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याचं चाकच काढून घेतलं.

शहरात हलकल्लोळ झाला. पाण्याच्या टाक्यांवर बंदुका घेतलेले शिपाई उभे राहिले. टँकरच्या पुढेमागे पोलिसांच्या गाड्या धावू लागल्या. काल रांगेत कुणीतरी कुणाचं डोकं फोडलं, आज कुठल्यातरी गल्लीत तळ्याकडच्या एका भाजीवालीची हातगाडी उलथवली. मशीनताईच्या घरी नवरा शेजाऱ्यांची नजर चुकवून कामाला जायचा. शाळेच्या कचेरीत त्याला कुणीतरी विचारलं होतं, "तुमच्या बहिणीला सांगा की, आमच्या पोरांना तहान लागते."

"तुम्ही येता का बरोबर?" तिनं त्याला फोनवर विचारलं.

 तो म्हणाला, "मी गेलो तर ती मला दटावील आणि मी परत येईन. तूच जा. तुझं ऐकेल ती."

पोलिसांच्या चौकीपुढे बस जात नव्हती. ती चढ चढून गेली. पंपघराच्या फरशीवर बायका दाटीनं बसल्या होत्या, आणि मधोमध, व्हॉल्व्हच्या लोखंडी चाकावर चादर टाकून, आक्का.

"आलीस?" आक्का म्हणाली. "मला वाटलं समजवायला भाऊ येईल."

"त्यांची हिंमत झाली नाही."

"लहानपणापासून तसाच आहे." बायका हसल्या. आक्कानं सरकून जागा केली. "बस. दमलीस. पाणी देऊ?"

त्या परिस्थितीतही तिनं हे अगदी सहज विचारलं. मशीनताईनं मग भूगोलाच्या बाईंचं सांगितलं, शिंप्याचं सांगितलं. चोख पाणी, कच्चं पाणी, सगळं. 

सगळं ऐकून आक्कानं विचारलं, "येताना आमच्या विहिरीत डोकावलीस?"

"हो."

"काय दिसलं?"

"तळ."

"बरं. शहरातली कारंजी चालू आहेत का अजून?"

"बंद केली. आठ दिवस झाले."

"म्हणजे आम्ही इथे बसल्यावर." आक्का बायकांकडे वळली. बरीच कुजबुज झाली. एकीनं तोंडावर सांगितलं की तिची सासू तापानं गेली तेव्हा शहरातून कुणी चढ चढून आलं नव्हतं. 

"ऐक," आक्का म्हणाली. "आजाऱ्यांशी आमचं भांडण नाही. दर तिसऱ्या दिवशी एक टँकर भरून ने. मागच्या नळाला पाइप लावून देऊ. पण शब्द तू द्यायचास. साहेबांचा नको, डॉक्टरांचा नको. त्यांचे शब्द भिंतीवर रंगवलेले आहेत, बघतो आम्ही रोज. तुझा शब्द दे."

"दिला."

"टँकरात तू आणि ड्रायव्हर. तिसरं माणूस नाही."

"तिसरं माणूस नाही," मशीनताई म्हणाली.

चार खेपा सुरळीत झाल्या. दवाखान्याचा टँकर दहा हजार लिटरचा, पांढरा, दोन्ही बाजूंना दवाखान्याची खूण. चालवायचे ते ड्रायव्हरमामा. निवृत्तीला वर्ष उरलेलं, बोलणं मोजकं. गावच्या तोंडाशी वासे आडवे बांधून फाटक केलेलं होतं. तिथे तात्या बसायचे. पंपघरात तीस वर्षं नोकरी केलेले, आता त्याच पंपघराच्या पहाऱ्यावर. ते टँकरकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. "आक्काच्या भावजयीची गाडी काय तपासायची?" म्हणत वासा उचलायचे. वॉर्डात पाळ्या साडेतीन तासांवर आल्या. शिंप्याच्या पायांची सूज उतरली. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की दवाखाना आणि गाव एकमेकांशी बोलू शकतात तर बाकीच्यांना काय झालंय.

हे वाक्य शहराचा कारभार चालवणाऱ्या प्रशासक साहेबांच्या वाचनात आलं असावं.

पाचव्या खेपेच्या सकाळी ती दवाखान्याच्या मागच्या अंगणात आली तेव्हा टँकर नेहमीच्या जागी नव्हता. अर्ध्या तासानं तो बाहेरून आला. ड्रायव्हरमामांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कुठे नेला होतात?"

"टायरात हवा भरायला."

ती शेजारी चढून बसली. आदल्या दिवशी टँकर जाऊ शकला नव्हता. वरच्या रस्त्याला दुरुस्ती आहे म्हणून पोलिसांनी अडवला होता. त्यामुळे वॉर्डातली टाकी खडखडीत होती. शिंपी पहाटेपासून खुर्चीत बसून होता, ओठ निळसर, जीभ पहिल्यांदाच गप्प. अकराला त्याला लावायचंच, असं डॉक्टर म्हणाले होते.

घाट सुरू झाला. रिकामा टँकर वर जाताना वळणावळणाला ढोलासारखा वाजायचा, इतका की मामांना काही सांगायचं तर ओरडावं लागे. आज तो वाजत नव्हता. गाडी जड, दबकी चालली होती. तिला आधी वाटलं टाकीत थोडं पाणी राहिलं असेल. पण पाणी असतं तर ते डुचमळलं असतं. दुसऱ्या वळणावर तिला वाटलं आपल्याला भास झाला. तिसऱ्या वळणावर, पाठीमागच्या पत्र्याच्या पोटातून, कुणीतरी खोकलं.

"मामा," ती म्हणाली. "टाकी रिकामी आहे ना?"

मामांनी गिअर बदलला. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "रस्त्याकडे बघू द्या ताई."

"मामा, मी शब्द दिलाय."

"माझी पेन्शन आहे त्यांच्या हातात," मामा म्हणाले. "आणि तुमचा शिंपी अकराची वाट बघतोय. काय करू सांगा. थांबवू गाडी? तुम्ही सांगा, थांबवतो."

त्यांनी खरंच वेग कमी केला. पुढे शेवटचं वळण, त्यापुढे फाटक. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं डोळ्यांपुढे वॉर्ड आणला, निळसर ओठ आणले. मग आक्काचा चेहरा. मनात एक लबाड विचारही येऊन गेला, की आपल्याला कुठे नक्की काय माहीत आहे? खोकला तर खोकला. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. तिनं मामांना थांबवा म्हटलं नाही. जाऊ द्या, असंही म्हटलं नाही. ती गप्प बसली. गाडी वळली.

तात्या उठले, हसले, वासा उचलला. तिला वाटलं त्यांनी आज तरी विचारावं. त्यांनी नाही विचारलं. तिनंही नाही सांगितलं.

टँकर पंपघराच्या मागच्या दाराशी लागला आणि वरची दोन्ही झाकणं आतून उघडली. एकामागून एक पोलिसांची अकरा माणसं बाहेर पडली. घामानं निथळलेली, उजेडानं डोळे किलकिले झालेली, हातांत काठ्या. त्याच क्षणी घाटाखालून पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले. पुढचं दहा मिनिटांत आटपलं. बायका किंचाळल्या, काहींनी एकमेकींना साखळीसारखं धरलं. आक्का चाकावरून उठली नाही, म्हणून तिला चाकासकट ओढलं. तिचं उजवं मनगट चाकाच्या आऱ्यात अडकलं आणि मोडलं. तो आवाज मशीनताईला टँकरपाशी ऐकू आला. तात्या फाटकावरून धावत आले, पायऱ्यांवर कुणाचा तरी धक्का लागला, आणि ते खालच्या हौदात डोक्यावर पडले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

बायकांना गाडीत चढवताना आक्का तिच्यासमोरून गेली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त थांबली.

"परक्यानं कापलं असतं तर कळलं असतं गं," ती म्हणाली. "तू केसानं गळा कापलास."

दुपारी शहराला पाणी सुटलं. नळाला आधी तांबूस, गंजाचं पाणी आलं. त्यातल्या क्लोरीनची पट्टी तिनं तीनदा तपासली, तेव्हा कुठे यंत्रं सुरू केली. शिंप्याला एकच्या सुमाराला लावलं. तो वाचला. संध्याकाळी शुद्धीवर येऊन म्हणाला, "पूर्ण चार तास? काय, लग्नाचा सूट शिवायला घेतला की काय आज?" ती त्याच्या उशाशी उभी राहून रडायला लागली, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं विनोद लागला.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. खोकल्यासकट. तो जेवणावरून उठला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही म्हणतात." आणि मग, "पण पाणी असावं लागतं."

आठवड्यानं तिला प्रशासकांच्या कचेरीत बोलावलं. साहेब तरुण होते, सभ्य होते, टेबलावर पाण्याची बाटली होती. अटक झालेल्या बारा बायकांवर आरोप ठेवले होते: सरकारी जागेचा ताबा, आणि त्याहून मोठा, दवाखान्याच्या गाडीवर हल्ला, रोग्यांचा जीव धोक्यात घालणं. या दुसऱ्याला दहा वर्षांची शिक्षा होती. टाईप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की टँकर नेहमीप्रमाणे पाणी भरायला गेला असता जमावानं अचानक हल्ला चढवला, म्हणून शिपायांना मध्ये पडावं लागलं.

"टाकीत कोण होतं ते यात नाही," ती म्हणाली.

"ती सुरक्षेची बाब आहे. पाणी आता सुरक्षेची बाब आहे, ताई. तुम्हालाही ती आम्ही कळू दिली नव्हती. तुम्हाला कल्पना नव्हती, बरोबर? तुमच्यावर काहीच येत नाही. फक्त सही."

मार्ग सोपा होता आणि तिच्यासाठीच आखलेला होता. तिनं कागद पुन्हा वाचला.

"मला कल्पना होती," ती म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नीट विचार करून बोला."

"तिसऱ्या वळणावर कळलं. आत माणूस खोकला. मी ड्रायव्हरला थांबवलं नाही, फाटकावर सांगितलं नाही. गाडीवर कुणी हल्ला केला नाही. गाडीनंच केला. हे लिहा, त्यावर सही करते."

"याचा परिणाम तुमच्या नोकरीवर होईल."

"यंत्रं चालवायला दुसरं कुणी मिळालं तर ठेवू नका मला," ती म्हणाली. हे धाडस नव्हतं.  फक्त तात्या गेल्यापासून तिला खोटं बोलायला तोंड उघडताच येत नव्हतं.

तिथे तो जबाब कुणी लिहून घेतला नाही. तिनं तो हातानं लिहिला आणि आक्काच्या वकिलाकडे नेऊन दिला. तिला कामावरून काढलं. दीड महिन्यात वॉर्डातली दोन यंत्रं बंद पडली, आणि तिला निमूटपणे परत बोलावलं. कोर्टात मामांनी कानांवर हात ठेवले. त्यांना पेन्शन मिळाली. डॉक्टर म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते बहुधा खरं होतं. तिनं पिंजऱ्यात उभं राहून तिसरं वळण सांगितलं. मोठा आरोप टिकला नाही. ताब्याचा टिकला. आक्का सात महिन्यांनी सुटली. मनगट वाकडंच जुळलं होतं. बाहेर भाऊ उभा होता. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. मशीनताई रस्त्याच्या पलीकडे थांबली होती. आक्कानं तिकडे पाहिलं नाही.

लाल खुणेचं पुढे अर्धंमुर्धं झालं. पाणी खुणेखाली गेलं की पंप दिवसातून सहा तासच चालवायचा, असा करार झाला, आणि तो पाळला जातो की नाही यावर दोन्हीकडची माणसं रोज भांडत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी पुन्हा एक दिवसाआड झालं, आणि दवाखान्याला पुन्हा तळ्यावर टँकर न्यावा लागला. गावानं नाही म्हटलं नाही. पण दवाखान्याची खूण पाहून आता कुणी वासा उचलत नव्हतं.

पहिल्या खेपेला फाटकावर आक्काच होती, तात्यांच्या जागी. नवा ड्रायव्हर खाली उतरला, मशीनताईही उतरली. दोन बायका टाकीवर चढल्या, झाकणं उघडली, लांब बांबू आत घालून कोपरान् कोपरा चाचपला. एकीनं सीटखाली पाहिलं, एकीनं मशीनताईची पर्स उपडी केली. रस्त्यावर पडलेलं सामान तिनं एकेक उचललं. ऊन डोक्यावर होतं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

"ताई, वॉर्डात उशीर होतोय. सांगा की त्यांना," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली. "नीट बघू दे."

आक्का डाव्या हातानं वहीत टँकरचा नंबर लिहीत होती, लहान मुलासारखी अक्षरं काढत. मान वर न करता तिनं विचारलं, "किती रोगी आहेत आता?"

"एकोणीस."

"हं." आकडा वहीत गेला. मग आणखी काही विचारावं की नाही असं झाल्यासारखी ती पेन धरून राहिली. "भावाला सांग, येत जा म्हणावं मधूनमधून. माझं कुणी नाही दुसरं."

"सांगते."

"त्याला एकट्याला," आक्का म्हणाली.

मशीनताईनं मान हलवली. बायका खाली उतरल्या, हात झटकले, आणि कुणीतरी वासा उचलला. गाडीत बसल्यावर तिनं वॉर्डात फोन लावला आणि सांगितलं की पहिली पाळी एक तास उशिरा लावा, आणि दर खेपेला एवढाच उशीर धरून चाला.